पाकळीचा ल मिळेपर्यंत

अण्णांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या आठवणींचं छोटं पुस्तक घरीच जुळवायचं ठरवलं, तेव्हा माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत सिस्टिम, येऊन महिनाही झाला नव्हता. शेवटचं प्रकरण निवृत्तीचं, नाव 'शाल आणि श्रीफळ'. पहिलं पान छापून हातात दिलं आणि अण्णांनी चष्मा सारखा केला. "अगं, हा ल आपला नाही. श पण नाही."

आयुष्यभर फळ्यावर मराठी लिहिलेला माणूस. मी पान जवळ घेऊन बघितलं. 'शाल'मधल्या ल ला उजवीकडे उभा दंड होता, श हिंदी वळणाचा. आपण पाटीवर गिरवतो तो दोन पाकळ्यांचा ल आणि देठाचा श. २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी हीच रूपं सांगितली आहेत.

लॅपटॉप २०१५ चा, पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. जुन्या सिस्टिमचे अपडेट थांबले म्हणून मिंट २२ ची एक्सएफसीई नावाची आवृत्ती घेतली, ती जुन्या मशिनला हलकी असते. पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली, फोटो बाहेरच्या डिस्कवर काढले आणि बसवून टाकली. वायफाय तेवढं दिसेना. मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट घेतलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, टाकला, रीस्टार्ट केल्यावर नेटवर्क दिसायला लागलं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची कळांची मांडणी, जोडलं आणि भाषा बदलायला कॅप्स लॉक ठेवलं. ही सोय मला फार आवडते. डाव्या करंगळीने कळ दाबली की मराठी, पुन्हा दाबली की इंग्रजी. शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की ऱ येतो, म्हणजे 'दुसऱ्या' लिहिताना कुठेही अडत नाही.

ल मात्र बदलेना. मला वाटलं दोष फॉन्टचा. म्हणून लोहित देवनागरी लावून पाहिला. लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅट या लिनक्स कंपनीने खुल्या परवान्यावर दिलेला हा फॉन्ट पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळला, त्यामुळे त्याच्यावर माझा भरवसा होता. तरी ल दंडाचाच. नोटो सॅन्स देवनागरी लावला, तेच. दोन रात्री यातच गेल्या.

तिसऱ्या रात्री उलगडा झाला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षराला जो ठरलेला क्रमांक देतो त्या यादीत, ल एकच आहे. हिंदीचा वेगळा, मराठीचा वेगळा असं तिथे काही नाही. या दोन्ही फॉन्टांच्या पोटात मात्र दोन्ही आकार असतात आणि त्यातला कुठला काढायचा हे मजकुराची भाषा कोणती नोंदवली आहे त्यावर ठरतं. मी ज्यात पुस्तक लिहीत होते त्या लिब्रेऑफिसने माझा सगळा मजकूर हिंदी म्हणून नोंदवला होता!

ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटच्या रकान्यात, देवनागरीसारख्या लिप्यांची भाषा तिथे ठरते, हिंदी होतं, तिथे मराठी केलं. नवीन ओळ लिहिली तर ल बरोबर. आधीची पानं होती तशीच, कारण त्या मजकुरावर हिंदीचा शिक्का बसलेला होता. मग सगळा मजकूर निवडला, फॉरमॅटमधून कॅरेक्टर उघडलं, तिथेही त्याच रकान्यात मराठी निवडलं आणि ओके दाबलं. पानभर जिथे जिथे ल होता तिथे दंड गेला आणि पाकळ्या आल्या, एका क्षणात. 'शाल', 'कौशल्य', 'शिल्लक'... मी नुसती वर-खाली करून बघत बसले. पुन्हा असं होऊ नये म्हणून मूळ परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच मराठी ठेवलं आणि टेम्प्लेट करून टाकलं.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण थुनारमध्ये, म्हणजे फाइल मॅनेजरमध्ये, 'शाल' नावाची फाइल अजून हिंदी वळणाचीच दिसत होती. माझे मेनू इंग्रजीत असतात, मला तीच सवय आहे. तिथली अक्षरं पँगो नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड, मांडते. सिस्टिम इंग्रजी असेल आणि दुसरं काही सांगितलेलं नसेल, तर देवनागरी दिसली की ती हिंदी धरून चालते. तिला भाषांचा क्रम सांगायची सोय आहे. घरच्या फोल्डरमधल्या प्रोफाइल फाइलमध्ये एक ओळ घातली, आधी इंग्रजी मग मराठी. लॉगआउट करून परत आले तर फाइलच्या नावातही पाकळ्या. लिनक्स मला आवडतं ते यासाठी. माझ्या भाषेचं अक्षर चुकत असेल तर ते कुठे चुकतं तिथपर्यंत मला जाता येतं आणि एका ओळीत दुरुस्त करता येतं.

सकाळी पान पुन्हा छापलं. अण्णांनी ते खिडकीपाशी नेलं, 'शाल'वर बोट ठेवलं आणि पाकळ्यांवरून सावकाश फिरवलं. मग लाल पेन मागून घेतला आणि ऱ्हस्वदीर्घ तपासायला बसले.