तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीला स्केटबोर्ड कशाला?

रविवारी सकाळी लेक बोर्ड काखेत मारून निघाली की चाळीच्या जिन्यात तुमच्यापैकी कुणीतरी विचारतंच, "वहिनी, मुलीच्या जातीला हे कशाला? हातपाय मोडून घेईल."

पडते, हे खरं आहे. गुडघे, कोपरं, एकदा हनुवटी. उताराच्या कडेवर बोर्डाचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, दाबून उभं राहायचं आणि सगळा भार पुढच्या पायावर टाकून स्वतःला खाली सोडायचं, याला 'ड्रॉप इन' म्हणतात. भीतीने अंग मागे ओढलं की बोर्ड पुढे पळतो आणि आपण पाठीवर.

त्यासाठी लोअर परळहून खारपर्यंत लोकल, पुढे चालत कार्टर रोडचा स्केटपार्क, म्हणजे बोर्ड चालवायला मुद्दाम बांधलेले उतार. आपल्या गल्लीत पेव्हर ब्लॉक आहेत. बोर्डाचं चाक जेमतेम पन्नासेक मिलिमीटरचं. फटीत अडकलं की संपलंच.

पण तिला जास्त वेळ लागला तो वाट बघण्यात. ती कडेवर उभी राहायची, मागून आलेली मुलं पुढे घुसून उतरायची. तीन रविवार असेच गेले. चौथ्या रविवारी एका अनोळखी मुलाने बाकीच्यांना थांबवलं, "पहले इसको जाने दो." तिचे दोन्ही हात धरून त्यानेच तिला उतरवलं. फी नाही, सर नाहीत.

तेव्हापासून मी सगळ्यांना जनवारबद्दल सांगत असते. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातलं लहानसं गाव. तिथे २०१५ साली उल्रिके राइनहार्ट या जर्मन बाईंच्या पुढाकाराने काँक्रीटचा स्केटपार्क झाला. नियम असे, की शाळेत गेलात तरच बोर्ड मिळणार, आणि मुलींचा नंबर आधी. गावातली आदिवासी आणि यादव मुलं तिथे एकत्र खेळू लागली. त्यांच्यातलीच आशा गोंड २०१८ साली चीनमध्ये नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत उतरली.

ऑलिंपिकमध्येही हा खेळ आलाय. टोकियोला १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्ण जिंकलं. मी लेकीला पदकासाठी नेत नाही. 'मुलींचा नंबर आधी' हे आपल्या मैदानावर मी आजवर ऐकलेलं नाही. स्टंप लागले की मुली कठड्यावर बसतात, मीही बसले होते.

या रविवारी तुमच्या नातीला घेऊन चला. बोर्ड एकच आहे, दोघी आळीपाळीने घेतील.