बारमध्ये जेवायला का जाते, तुम्ही विचारलंत म्हणून

"पीत तर नाही, वर बाईमाणूस, मग त्या शहापूरच्या बारमध्ये सारखं काय काम असतं हो तुमचं?" नात्यातले विचारतात, शेजारचे विचारतात, परवा नाटकाच्या ग्रुपमधल्या नवीन मुलीनंपण विचारलं, म्हणून एकदाच नीट सांगते.

जेवायला जाते.

पण आधी जागा कशी आहे ते ऐका. बाहेर बोर्ड नाही, फ्रेमवाल्याच्या दुकानातनं आत शिरायचं, बोळ संपला की मागं जुनं मागाचं शेड. शहापूर-वडगाव म्हणजे आमच्या बेळगावातला विणकरांचा भाग, गल्लीत यंत्रमागाची खडखड अजून ऐकू येते, पण हे शेड हातमागाचं होतं, खड्डा मागाचं, विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि पायानं पावड्या दाबायचा. मालकांनी ते खड्डे बुजवलेच नाहीत! त्यावर फळ्या टाकून टेबलं केलीत, आपण काठावर सतरंजीवर बसायचं, पाय खाली सोडून. बिल येतं ते जुन्या धोट्यात खोचून, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीसारख्या तुकड्यात. मला हे फार आवडतं, कारण ज्या हातांनी ही पेठ उभी केली त्यांची जागा मालकांनी पुसली नाही.

लायसन रीतसर आहे, चोरून काही नाही. चोरून प्यायचा काळ आमच्या आजोबांचा. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात, तिथं 1949 चा दारूबंदी कायदा, आणि घाट उतरला की 1961 पर्यंत पोर्तुगीजांचा गोवा, तिथं बंदी नाही. मग चोर्ला घाटातनं काय काय वर चढायचं ते जुनी माणसं अजून रंगवून सांगतात. बार म्हटलं की तोंड लपवायचं ही सवय मला वाटतं तेव्हाचीच.

जेवण सावजी. नागपूरचं सावजी तुम्हाला माहीत असेल, आमच्या हुबळी-गदग-बेळगाव पट्ट्यातलं वेगळं, पण तेही विणकर समाजाचंच. खिमा बॉल, काळपट लाल रस्सा, ज्वारीची भाकरी. पोरगा ताटाजवळ येऊन म्हणतो, "अक्का, भाकरी गरम हाय, घ्या की."

आणि खरं कारण हे. तालीम सुटते रात्री साडेनऊला. त्या वेळी एकट्या बाईनं निवांत बसून मटण-भाकरी खायची म्हटलं तर गावात जागा कुठाय सांगा? खानावळी आवरायला लागलेल्या असतात, बाकीच्या बारमध्ये 'फॅमिली रूम' म्हणून कोपऱ्यात बसवतात आणि पडदा ओढून घेतात, जेवणारी बाई म्हणजे जणू झाकून ठेवायची गोष्ट. इथं पडदाच नाही. शेजारी पेंटर, तबलेवाले, पेटी दुरुस्त करणारे काका, सगळे पाय खड्ड्यात सोडून आपापलं खातायत, पितायत, कालच्या प्रयोगावरनं भांडतायत, आणि मी त्यांच्यातलीच एक.

यायचं असेल तर सांगा, मी घेऊन जाते. फक्त श्रावणात नको, तेव्हा किचन बंद असतं आणि मालक शेडची गळणारी कौलं सारखी करत बसलेले असतात.