कुठे कापले?

परवा रविवारी प्रॅक्टिस संपली, मुली दोर उतरवून गुंडाळत होत्या, तेव्हा मी त्यांना फोनवर दोन व्हिडिओ दाखवले. जपानचा स्नोबोर्डर आयुमु हिरानो याचे, २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमधले, हाफपाइप फायनलचा दुसरा रन आणि तिसरा रन. मार्क किती मिळाले ते सांगितलं नाही, म्हटलं तुम्हीच द्या शंभरपैकी. या मुली दोरीच्या मल्लखांबावरच्या, स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून बर्फावरून घसरायचं हे आधी सांगावं लागलं, पण शरीर उलटं झाल्यावर पोट कुठे आणि नजर कुठे असते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यामुळे दोनदा बघून झाल्यावर त्यांनी फटाफट मार्क दिले. जवळपास सगळ्यांनी दोन्ही रनना सारखेच दिले, एकीने तिसऱ्याला दोन जास्त दिले, म्हणाली यात लँडिंग जास्त साफ आहे.

मग मी खरे मार्क सांगितले. दुसऱ्या रनला ९१.७५, तिसऱ्याला ९६. आणि त्यातली सगळ्यात मोठी मुलगी लगेच म्हणाली, "दीदी, पहले में कहाँ कटे?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि हाच प्रश्न याच मुलीने मला आधीही एकदा विचारला होता, तेव्हाही देता आलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलेय.

ज्यांनी हाफपाइप कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्फात कोरलेली एक लांबलचक पन्हळ समजा, दोन्ही बाजूंना साधारण २२ फुटांच्या भिंती, म्हणजे दोन मजली घराएवढ्या, आणि त्या भिंती मऊ बर्फाच्या नसतात, जवळजवळ दगडासारख्या कडक असतात. खेळाडू एका भिंतीवरून हवेत उडतो, वर फिरतो, खाली त्याच भिंतीवर उतरतो, त्याच वेगात पन्हळीच्या पलीकडे जातो आणि दुसऱ्या भिंतीवरून उडतो. असं पाच-सहा वेळा, आणि अशी वरपासून खालपर्यंतची एक खेप म्हणजे एक रन. १९९८ ला नागानोपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. फायनलला तीन रन मिळतात आणि तिन्हीतला सगळ्यात चांगला धरतात. सहा परीक्षक असतात, प्रत्येकजण शंभरपैकी एकच आकडा देतो, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा काढून टाकायचा आणि उरलेल्या चौघांची सरासरी काढायची.

एकच आकडा, हे लक्षात ठेवा. उंची किती, अवघडपणा किती, सफाई किती, वेगवेगळ्या दिशांनी फिरला का, काही नवीन केलं का, हे सगळं डोक्यात धरून शेवटी एकच आकडा. याला ते ओव्हरऑल इम्प्रेशन म्हणतात.

आता त्या फायनलची गोष्ट. ११ फेब्रुवारी, आपल्याकडे सकाळचे सात-साडेसात, म्हणजे इंदूरात पोह्यांची वेळ. मी काही लाइव्ह पाहिलं नाही, संध्याकाळी मुलाने दाखवलं, तो स्केटबोर्डिंगचा वेडा, आणि हिरानो त्याचा हीरो कारण हिरानो सहा महिन्यांपूर्वी टोकियो ऑलिंपिकला स्केटबोर्डिंगमध्येही उतरला होता. २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये १५ वर्षांचा असताना सिल्व्हर, २०१८ ला प्योंगचांगमध्ये अमेरिकेच्या शॉन व्हाइटच्या मागे परत सिल्व्हर. बीजिंगला तो ट्रिपल कॉर्क १४४० घेऊन आला होता, म्हणजे हवेत चार पूर्ण गिरक्या आणि त्याच वेळात शरीर तीनदा तिरपं उलटं. स्पर्धेत ही उडी पहिल्यांदा त्यानेच मारली होती, दोनच महिने आधी, डिसेंबर २०२१ मध्ये.

पहिला रन फसला. दुसऱ्यात त्याने ट्रिपल कॉर्क सुरुवातीलाच मारली, आणि ती मारून थांबला नाही, पुढे एकामागून एक चार डबल कॉर्क, म्हणजे शरीर दोनदा उलटं, त्यातल्या दोन १४४० आणि दोन १२६० म्हणजे साडेतीन गिरक्यांच्या, एकही लँडिंग डगमगलं नाही. खाली आला, बोर्डावर आकडा आला ९१.७५, आणि तो दुसरा! ऑस्ट्रेलियाचा स्कॉटी जेम्स ९२.५० वर होता, तो पहिलाच राहिला. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, अमेरिकन चॅनेलवर टॉड रिचर्ड्स कॉमेंट्री करत होता, तो स्वतः १९९८ च्या ऑलिंपिकमध्ये हाफपाइप खेळलेला माणूस, तो तर लाइव्हवरच परीक्षकांवर भडकला की तुम्ही तुमची विश्वासार्हता घालवली.

स्कॉटी जेम्सचा रन कच्चा होता असं मी म्हणणार नाही, बिलकुल नाही. तो स्विच बॅकसाइड फिरतो, म्हणजे उलट्या पायावर उभं राहून पाठ आधी, न बघता, आणि जाणकार ते फार अवघड मानतात. चारही दिशांनी, म्हणजे सरळ आणि उलट्या पायावर, पोट आधी आणि पाठ आधी, फिरण्याला तो जितका मान देतो तितका फार कमी जण देतात. त्याच्या बाजूने मुद्दे होतेच. पण मग ते मुद्दे सांगा ना!

मी ते सहा आकडे वहीत उतरवून घेतले होते. ९६, ९२, ९०, ९५, ९०, ८९. वरचा ९६ गेला, खालचा ८९ गेला, उरले ९२, ९०, ९५, ९०, सरासरी ९१.७५. तेव्हा सगळे त्या ८९ वाल्याला शिव्या देत होते आणि काही लोक उलट म्हणत होते की अरे तो तर मोजलाच नाही, त्याचा काय संबंध. संबंध आहे. हे पंचाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला लगेच कळतं. त्या ८९ च्या जागी ९५ असता तर खालचा म्हणून एक ९० गेला असता, मधले राहिले असते ९२, ९५, ९०, ९५, आणि सरासरी झाली असती ९३. म्हणजे हिरानो पहिला. काढून टाकलेला आकडा जाताना दुसऱ्याची जागा अडवून जातो. एकच परीक्षक चुकला तर सिस्टिम सांभाळून घेते असं आपण मानतो ते अर्धंच खरं आहे, आणि एकाच रनला एक जण ९६ आणि एक जण ८९ देतो तेव्हा त्या दोघांनी एकच गोष्ट पाहिली का हा प्रश्न मला जास्त सतावतो.

आमच्याकडे मल्लखांबात वर जागा ठेवायची पद्धत असते. सगळ्यात आधी उतरणाऱ्या मुलीला पंच पोटभर मार्क देत नाहीत, पुढे कोणी अजून भारी आली तर वर जागा हवी म्हणून. मला हे आवडत नाही पण ते का होतं हे समजतं. पण हिरानो त्या फायनलला प्रत्येक फेरीत शेवटचा उतरत होता, त्याच्यामागे त्या फेरीत कोणीच नव्हतं. मग जागा कोणासाठी ठेवली?

तिसऱ्या फेरीत तो परत वर गेला आणि तोच रन, त्याच उड्या, त्याच क्रमाने परत मारला, थोडा अजून उंच, थोडा अजून साफ. ९६. गोल्ड. जेम्स दुसरा, स्वित्झर्लंडचा यान शेरर तिसरा, आणि शॉन व्हाइट त्याच्या शेवटच्या स्पर्धेत चौथा. नंतर हिरानो म्हणाला की दुसऱ्या रनचे मार्क त्याला पटले नव्हते आणि तो राग त्याने शेवटच्या रनमध्ये काढला. लोक म्हणतात बघा शेवटी न्याय झाला. मला हे अजिबात पटत नाही. तो पडू शकला असता. ट्रिपल कॉर्कमध्ये पडणं म्हणजे काय हे त्या भिंती बघून कोणालाही कळेल, आणि जी गोष्ट त्याने एकदा करून दाखवली होती ती त्याला परत जीव धोक्यात घालून करावी लागली. ज्याला दुसऱ्यांदा जमत नाही त्याचं काय?

त्याच्या चारच दिवस आधी, ७ फेब्रुवारीला, स्लोपस्टाइलमध्ये, म्हणजे उतारावर अडथळे आणि मोठ्या उड्या असतात त्या स्नोबोर्डच्याच प्रकारात, वेगळाच घोळ झाला होता. कॅनडाच्या मॅक्स पारोला गोल्ड मिळालं आणि नंतर स्लो मोशनमध्ये दिसलं की एका उडीत त्याचा हात बोर्डवर नाही, गुडघ्यावर आहे. बोर्ड पकडायचा असतो, तो पकडलाच नव्हता. चीनचा सू यिमिंग दुसरा, मार्क मॅकमॉरिस तिसरा. मुख्य परीक्षकाने नंतर मुलाखतीत मान्य केलं की आम्हाला जो कॅमेऱ्याचा कोन मिळाला त्यात पकड नीटच दिसत होती. पारो कॅन्सरमधून उठून आलेला माणूस, त्याने काही कोणाला फसवलं नव्हतं, त्याच्या गोल्डवर कायमचा डाग लागला त्या एका कोनामुळे. आणि सू यिमिंगने, ज्याचं नुकसान झालं त्यानेच, लोकांना विनंती केली की परीक्षकांवर टीका थांबवा. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. आठवड्याभराने त्याने बिग एअरचं, म्हणजे एकाच मोठ्या उडीच्या स्पर्धेचं, गोल्ड घेतलं.

हा कोनाचा किस्सा वाचला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, कारण मी हे केलंय.

काही वर्षांपूर्वी इथेच इंदूरात शाळांची स्पर्धा होती, आम्ही चौघं पंच. आता दोरीचा मल्लखांब ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना माहीत आहे की दोर एका जागी थांबत नाही. मुलगी वर चढली, पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात दोर धरला, अंग दोराला गुंडाळून आसन घेतलं की दोर हळूहळू फिरायला लागतो. गाठ तर मारायचीच नसते, सगळा भार त्या वेढ्यावर. त्या मुलीने आसन घेतलं तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती. मला वाटलं तिने दोर हाताने धरून ठेवलाय, हात सोडलेच नाहीत. मी मार्क कापले. बाकीच्या तिघांनी जास्त दिले होते, माझा आकडा खालचा म्हणून निघून गेला, पण ती दशांशाच्या फरकाने तिसऱ्या नंबरवरून चौथ्यावर गेली. पुढच्या टप्प्याला तिघीच जाणार होत्या.

स्पर्धा संपल्यावर ती आली, रडत नव्हती, नुसतं विचारलं, "दीदी, मेरे नंबर कहाँ कटे?"

मी म्हटलं हात सोडले नव्हतेस. ती म्हणाली सोडले होते. तिच्या काकांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दुसऱ्या बाजूचा होता, त्यात स्वच्छ दिसत होतं, दोन्ही हात बाजूला पसरलेले. माझ्याकडे कागदावर एक आकडा होता फक्त, त्याच्यापुढे काहीही लिहिलेलं नव्हतं. मी आयोजकांकडे गेले, ते म्हणाले निकाल जाहीर झालाय, आता काही होणार नाही. मी तिची माफी मागितली, तिच्या आईची पण मागितली. ती मुलगी आज माझ्याकडेच शिकते, हे तिचं मोठेपण आहे.

तेव्हापासून मी कोणत्याही स्पर्धेत बसले की प्रत्येक कपातीपुढे दोन शब्द लिहिते. "उतरताना पाय", "आसन थांबलं नाही", असं. वेळ लागतो, टेबलवरचे लोक वैतागतात, पण मुलीने विचारलं तर मला सांगता येतं. आणि लिहायला लागल्यावर एक गोष्ट झाली, माझ्या हातून मार्क कमी कापले जायला लागले, कारण जिथे कपातीचं कारण लिहिता येत नाही तिथे हात आपोआप थांबतो.

हाफपाइपच्या स्कोअरशीटवर सहा आकडे आहेत आणि कारण एकही नाही. फिगर स्केटिंगमध्ये २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकला जोडीच्या स्पर्धेत एवढा मोठा वाद झाला की शेवटी कॅनडाच्या जोडीलाही गोल्ड द्यावं लागलं, आणि त्यानंतर त्यांनी सहापैकी मार्क द्यायची जुनी पद्धतच टाकून दिली, आता प्रत्येक उडीचे वेगळे मार्क असतात आणि ते कोणीही वाचू शकतं. स्नोबोर्डवाले म्हणतात आमच्या खेळात स्टाइल आहे, ती तुकड्यांत मोजली की मरते, सगळे एकच छापाचा रन मारतील. हा मुद्दा मी समजू शकते, मल्लखांबातही डौल नावाची गोष्ट आहे आणि ती टक्केवारीत सांगता येत नाही. पण स्टाइलसाठी मार्क कापले असतील तर तसंच लिहा, "उंची कमी" किंवा "दिशा दोनच". खेळाडूला पुढच्या वेळी काय करायचं ते कळेल तरी.

एक्स गेम्सने, म्हणजे अशा खेळांच्या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेने, २०२५ ला अ‍ॅस्पेनमध्ये सुपरपाइपला (हाफपाइपलाच ते असं म्हणतात) मार्क द्यायला एआय लावून पाहिलं, फक्त प्रयोग म्हणून. माझा मुलगा म्हणतो आता हेच येणार. येऊ दे, उंची आणि गिरक्या मशीन माझ्यापेक्षा बरोबर मोजेल यात मला शंका नाही. पण त्या मशीनलाही कोणीतरी मुलगी येऊन विचारणारच की कुठे कापले, आणि त्याने परत एकच आकडा दाखवला तर आपण होतो तिथेच.

आपल्या मध्य प्रदेशात मल्लखांब २०१३ पासून राज्याचा खेळ आहे, शेजारच्या उज्जैनच्या योगेश मालवीय सरांना २०२० ला मल्लखांबासाठी द्रोणाचार्य मिळाला, म्हणजे आपण काही लहान नाही या बाबतीत. ऑलिंपिकवाले कधी सुधारतील ते सुधारतील, आपल्या हॉलमध्ये आपण आजपासून करू शकतो.

तर येत्या रविवारी आमच्या क्लासची छोटी स्पर्धा आहे, सकाळी आठला, सुदामा नगरच्या आमच्या नेहमीच्या हॉलमध्ये. पंच तिघं, प्रत्येकाच्या कागदावर कपातीपुढे कारणाचा रकाना आहे, मी स्वतः आखलाय. दोराच्या दोन बाजूंना दोन फोन लावणार, स्टँड मिळालेत. तिसऱ्या बाजूला, खिडकीकडे, अजून एक स्टँड हवाय, कोणाकडे असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत आणून द्या. उंच हवा, निदान पाच फूट, नाहीतर वरचं आसन फ्रेममध्ये येत नाही.