कारखान्यातील नवे ॲप कामगारांचे कसे होते : बडोद्याहून

साताऱ्याकडची मंडळी फोनवर नेहमी विचारतात, की बडोद्याला तू नेमके काय काम करतेस. कंपनीतला अंतर्गत संपर्क पाहते, एवढ्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. ट्रान्सफॉर्मरच्या उद्योगासाठी बडोदा आणि आसपासचा भाग देशभर ओळखला जातो. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमची कंपनी याच उद्योगाला लागणारे भाग तयार करते. तिने सर्व कर्मचाऱ्यांसाठी एक नवे ॲप घेतले असून सूचना, शिफ्टचे वेळापत्रक, रजेचे अर्ज, पगाराची स्लिप आणि विभागांचे आपसांतले बोलणे असे सगळे त्यावर एकाच ठिकाणी येते. ॲप विकत घेणे हा व्यवहार लवकर उरकला. ते माणसांच्या रोजच्या वापरात आणणे हे खरे काम, आणि ते आमच्या विभागाकडे आले.

व्हॉट्सॲप असताना हा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न मला शॉप फ्लोअरवर जितक्या वेळा ऐकावा लागला तितकाच व्यवस्थापकांच्या बैठकीतही. प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळ न करता उत्तर दिले पाहिजे, असे माझे मत आहे. व्हॉट्सॲपच्या गटात प्रत्येकाचा खाजगी नंबर सर्वांना दिसतो. नोकरी सोडून गेलेल्या माणसाला गटातून काढले, तरी ग्राहकाच्या ड्रॉइंगचे फोटो त्याच्या फोनमध्ये तसेच राहतात. सुरक्षेची महत्त्वाची सूचना वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली दबून जाते, आणि रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाचा फोन दिवसभर वाजत राहतो. यातले शेवटचे कारण कामगारांना सर्वांत आधी पटले. ग्राहकाच्या ड्रॉइंगची काळजी ही कंपनीची काळजी आहे. झोपमोड ही ज्याची त्याची. नवी गोष्ट पटवून देताना आपल्या गरजेऐवजी समोरच्याच्या गरजेपासून सुरुवात करावी लागते, हे मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत आग्रहाने मांडत आले आहे.

बडोद्यात राहणाऱ्याला याबाबतीत लांबचा दाखला शोधावा लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते शिक्षण संपूर्ण संस्थानात लागू केले. त्यानंतर १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिलेच, पण पुस्तकांच्या लाकडी पेट्या भरून त्या खेड्यापाड्यांत पाठवण्याची फिरत्या ग्रंथालयांची योजनाही आखली गेली, आणि ग्रंथालये चालवणारी माणसे तयार व्हावीत म्हणून प्रशिक्षणाचे वर्गही सुरू झाले. मला यातला क्रम फार महत्त्वाचा वाटतो: आधी वाचता येण्याची सोय, मग पुस्तक दारापर्यंत नेण्याची व्यवस्था, आणि त्यासोबत ते हाती देणारा जाणता माणूस. आमच्याकडे आलेल्या मूळ आराखड्यात यांपैकी काहीच नव्हते. त्यात एक ईमेल, एक इंग्रजी चित्रफीत आणि अमुक तारखेपासून वापर बंधनकारक असल्याचा आदेश एवढेच होते.

आम्ही सुरुवात शिफ्टच्या वेळापत्रकापासून केली. पुढच्या आठवड्याची पाळी शनिवारी दुपारी टाइम ऑफिसशेजारच्या फलकावर लागत असे आणि तिथे एकच झुंबड उडे. मागचा माणूस पुढच्याला आपले नाव वाचून दाखवायला सांगे, कोणी खांद्यावरून हात लांबवून फोटो काढी. ज्याची शनिवारी सुट्टी असे, तो मित्राला फोन करी. डभोई आणि पादऱ्याहून रोज येणाऱ्या लोकांना पाळी आधी कळणे किती मोलाचे असते, हे गाडीच्या वेळेवर आयुष्य बेतलेल्या माणसालाच ठाऊक. म्हणून वेळापत्रक शुक्रवारी संध्याकाळीच ॲपवर यावे आणि फलकावर मात्र पूर्वीप्रमाणे शनिवारी लागावे, असे आम्ही ठरवून घेतले. कोणावरही सक्ती केली नाही. शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला आपली पाळी एक दिवस आधी कळते, हे दिसू लागल्यावर लोक आपणहून विचारायला आले. एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकाने नव्या गोष्टींच्या प्रसारावर १९६२ मध्ये जे विवेचन केले, त्यात नव्या गोष्टीचा जुनीपेक्षा असलेला फायदा आणि तो इतरांच्या डोळ्यांना दिसणे, या दोन्हींना मोठे स्थान आहे. आमच्या टाइम ऑफिसपाशी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

दुसरा मुद्दा भाषेचा. फ्लोअरवर गुजराती आणि हिंदी चालते. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतून येणारी जुनी मराठी मंडळी स्टोअर्स, हिशेब आणि तपासणी विभागांत बरीच आहेत. म्हणून सूचना तिन्ही भाषांत देण्याचा आग्रह आम्ही धरला आणि त्याहून अधिक भर आवाजी निरोपांवर दिला. स्टोअर्समध्ये निवृत्तीला आलेले एक काका आहेत, ज्यांचे इंडेंट बुक, म्हणजे मालाच्या मागणीची वही, आजही मोत्यासारख्या अक्षरात भरलेले असते. त्यांच्यासमोर फोन धरला तेव्हा ते म्हणाले, "ताई, आमचं सगळं आयुष्य कागदावर गेलं. या काचेवर मी काय लिहू?" मी म्हटले, "काका, लिहू नका. बोला, आणि बोट उचला." त्यांनी तांब्याच्या पट्ट्यांचा माल आला असून तो तीन नंबरच्या रॅकवर ठेवला आहे, एवढेच शुद्ध मराठीत सांगितले. वाइंडिंग विभागातून लगेच गुजरातीत उत्तर आले, की माणूस पाठवतो. काकांनी ते उत्तर पुन्हा लावून ऐकले आणि मग शेजारच्या मुलाला बोलावून आपले नाव मराठीत कसे दिसेल ते विचारले.

तरीही या संपूर्ण कामातला निर्णायक प्रसंग पिण्याच्या पाण्याचा होता, असे मी मानते. एका कामगाराने सर्वांसाठीच्या पानावर विचारले, की दोन नंबरच्या शेडमधला कूलर कधी दुरुस्त होणार. असा प्रश्न उघडपणे विचारल्याचे पाहून काही अधिकारी अस्वस्थ झाले आणि तो काढून टाकावा का, अशी विचारणा माझ्याकडे झाली. मी स्पष्ट नकार दिला. कारखानाप्रमुखांनी जेवणाच्या सुट्टीआधी स्वतः गुजरातीत उत्तर लिहिले, काम कोणाकडे दिले आहे ते सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेल्या कूलरचे छायाचित्र टाकले. त्या आठवड्यात बुटांच्या मापापासून ओव्हरटाइमच्या हिशेबापर्यंत अनेक प्रश्न आले. वरिष्ठांनी तेथे स्वतः लिहिले नाही आणि विचारलेल्याला उत्तर दिले नाही, तर कितीही देखणे ॲप असले तरी लोक चार दिवसांत त्याकडे पाठ फिरवतात. म्हणून प्रत्येक प्रश्नाला त्याच पाळीत निदान पोच मिळालीच पाहिजे, आणि ती देण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसावर असली पाहिजे, असा नियम आम्ही करून घेतला.

बक्षिसे, गुण आणि सर्वाधिक प्रतिक्रिया देणाऱ्याचा सत्कार हे प्रकार मला पटत नाहीत. बक्षीस संपले की वापर संपतो, आणि मधल्या काळात पान निरर्थक शुभेच्छांनी भरून जाते. त्यापेक्षा प्रत्येक लाइनवर लोकांच्या विश्वासातला एक सहकारी शिकवण्यासाठी नेमणे आणि तो वेळ त्याच्या ड्यूटीत धरणे कितीतरी उपयुक्त ठरते. लोकांच्या मनात पाळतीची भीती असते, तिचेही उघड निरसन करावे लागते: कंपनीला कोणते बोलणे दिसते, कोणते दिसत नाही, फोनमधल्या छायाचित्रांना ॲप हात लावते का, आणि पाळी संपल्यावर सूचना बंद राहतात का. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये संमत झाला आहे, पण कायद्याआधी माणसाला समोर बसवून सांगणे हेच कामी येते.

व्यवस्थापनाला मी एक गोष्ट लेखी कळवली आहे. फेसबुकने २०१६ मध्ये कंपन्यांसाठी सुरू केलेली 'वर्कप्लेस' ही सेवा बंद करत असल्याचे फेसबुकच्या मूळ कंपनीने, मेटाने, २०२४ मध्ये जाहीर केले आणि ती वापरणाऱ्या संस्थांना नवी सोय शोधावी लागली. आपल्यावरही अशी वेळ आली, तर आपले लेखन आणि नोंदी बाहेर काढता येतील का, हे करारातच ठरलेले असावे.

सध्या कंत्राटी कामगारांचा प्रश्न हाती घेतला आहे. त्यांना कंपनीचा ईमेल नसल्यामुळे सुरुवातीला त्यांना वगळण्यात आले होते. वास्तविक क्रेनखाली सर्वांत जास्त वेळ उभे राहणारे तेच आहेत, आणि सुरक्षेची सूचना त्यांच्यापर्यंत सर्वांत आधी पोचली पाहिजे. आता त्यांना मोबाइल नंबरवरून प्रवेश देण्यास मंजुरी मिळाली आहे. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांच्यासाठी प्रत्येक शेडमध्ये एक टॅब्लेट भिंतीवर बसवण्याची मागणी मी केली आहे. नवरात्रात गरब्यासाठी पाळ्यांची अदलाबदल मागणारे अर्ज मोठ्या संख्येने येतात, त्याआधी ते टॅब्लेट बसावेत यासाठी माझा पाठपुरावा चालू आहे.