माईल्स ऐकला, पण सम भेटली नाही

रविवार, रात्री

आज माईल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जॅझची रेकॉर्ड पुन्हा सलग ऐकली. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, दिवा बारीक केला, मध्ये उठलो नाही. तरी आत काही हललं नाही. वाईट वाटतंय, कारण ही रेकॉर्ड मला मनापासून आवडून घ्यायची होती.

१९५९चा मार्च आणि एप्रिल. न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीतला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ. दोन बैठकांत पाच रचना झाल्या. माईल्स डेव्हिसचा ट्रंपेट, जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडरली सॅक्सोफोनवर, बहुतेक ठिकाणी पियानोवर बिल एव्हान्स. वादकांना आधी नुसते ढोबळ आराखडे दिले होते. एवढ्यावर असं वाजवणारी ही माणसं थोर आहेत, त्यात मला शंका नाही.

रेकॉर्डचं नाव झालं ते तिने काय सोडलं त्यावरून. बीबॉप या त्याआधीच्या वेगवान जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, भराभर बदलायच्या आणि वादक त्यांच्यामागे धावायचा. माईल्सने ती धावपळ थांबवली. रेकॉर्डमधल्या ‘सो व्हॉट’ या रचनेचा फेरा ३२ बारांचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड). पहिले १६ बार डोरियन नावाचं एकच सप्तक, पुढचे ८ तेच सप्तक अर्धा स्वर वर, शेवटचे ८ पुन्हा मूळ जागी. डोरियनचे स्वर म्हणजे आपल्या काफी थाटाचे, गंधार-निषाद कोमल.

इथंच माझं घोडं अडतं. माझे कान कोल्हापुरात तयार झाले. शाहू महाराजांनी जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून ठेवलं ते हे गाव. देवल क्लबात तर १८८३पासून गाणं चालू आहे. तासभर एकाच स्वरसमूहात राहणं आम्हाला नवल वाटत नाही, तिथून पुढं गाणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. भीमपलास आणि बागेश्री दोन्ही काफी थाटातले, पण दोन ओळींत कळतं कोण कोणता ते. कुठल्या स्वरावर थांबायचं, कुठल्याला नुसतं शिवून जायचं, चढताना कुठला गाळायचा, यातून रागाला चेहरा येतो. ‘सो व्हॉट’मध्ये स्वर ओळखीचे आहेत, पण तो चेहरा मी शोधतच राहतो.

सुरुवात मात्र फार सुंदर आहे. पॉल चेंबर्सचा बास काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोन कॉर्डमध्ये उत्तर देतात. त्या सवाल-जवाबावर मी जीव टाकतो. मग एकेकाचं एकट्याचं वाजवणं सुरू होतं आणि माझं लक्ष पातळ होत जातं.

आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली, थोडा वेळ उभी राहून ऐकलं आणि म्हणाली, “चांगलं वाजवतात रे. पण ह्यात सम कुठं हाय?” सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, गाणं फिरून जिथं येऊन टेकतं ती जागा. आत्या स्वतः बरीच वर्षं गाणं शिकलेली. मला इतके दिवस नेमकं हेच सांगता येत नव्हतं. जयपूर घराण्याच्या गाण्यात आवर्तनभर लय धरून गुंतागुंत वाढत जाते आणि समेवर सगळं एकदम सुटतं. त्याच घराण्याच्या केसरबाई केरकरांची जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी तीन-सव्वातीन मिनिटांची, पण तेवढ्यातही प्रत्येक सम कमावलेली असते. ‘सो व्हॉट’मध्ये अर्ध्या स्वराची चढण येते तेव्हा मी सावरून बसतो, आता काहीतरी होणार म्हणून. सगळे सहज वर जातात, सहज खाली येतात. त्या सहजपणावर लाखो लोकांनी प्रेम केलंय. मला तिथं ओढ हवी असते.

याच रेकॉर्डमधली ‘ऑल ब्लूज’ त्यातल्या त्यात जवळची वाटली. तिची सहाची लय दादऱ्यासारखी अंगात शिरते. आणि कोल्ट्रेन! तो वाजवायला लागला की मी उठून बसतो. एकाच सप्तकात त्याचं भागत नाही, तो कडा धुंडाळत राहतो. आमच्या पेचदार तानेची भूक त्याला कळली असती असं वाटतं.

रेकॉर्ड ज्या मित्राची, त्याला उद्या दुकानात जाऊन खरं ते सांगणार आहे. तो जॅझचा भक्त, जरा दुखावेल. मग त्याच्याकडे कोल्ट्रेनची ‘जायंट स्टेप्स’ मागणार. तीही १९५९चीच, त्याच वसंतातली बरीचशी, आणि तिच्यात कॉर्ड अक्षरशः पळतात. माईल्स ज्या धावपळीपासून दूर गेला ती माझ्या कानांनी कधी भोगलेलीच नाही. आधी ती चांगली महिनाभर ऐकतो.