तुम्ही नक्की गुजराती की मराठी?

लग्नकार्यात पुण्या-मुंबईची मंडळी भेटली की हमखास विचारतात, इतक्या पिढ्या बडोद्यात काढल्यात, मग तुम्ही स्वतःला गुजराती समजता की मराठी? विचारलंत म्हणून सांगते, मी बडोद्याची आहे, आणि माझं भारतीय असणं मला बडोद्यातूनच समजलं.

१ मे १९४९ ला आमचं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० ला त्याच तारखेला गुजरात वेगळं झालं. संस्थान संपलं, पण मेहसाणा-अमरेलीकडची जुनी माणसं अजून 'गायकवाडी'तल्या गोष्टी सांगतात, आणि त्यात राजापेक्षा शाळा जास्त असते. सयाजीरावांनी १८९३ ला अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ ला तो सगळ्या राज्यात लागू केला, मुलींनासुद्धा! गोखल्यांनी १९११ ला देशासाठी असंच बिल आणलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता, तरी इंग्रजांच्या कौन्सिलमध्ये ते पडलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेलात तर पुस्तकांच्या लोखंडी रॅकमधली काचेची जमीन बघा, वरच्या मजल्याचा उजेड खाली झिरपतो, आणि तिथे वाचत बसलेली बहुतेक पोरं गुजराती असतात, त्यांनाही ती लायब्ररी आपलीच वाटते.

म्हणून 'मराठ्यांनी गुजरातवर राज्य केलं' अशी फुशारकी कोणी मारली की मला मनापासून राग येतो. गायकवाड इथे चौथाई वसूल करतच आले, तेही आठवायला हवं ना.

आणि सगळ्यात जास्त हे, की १९१३ ला बाबासाहेब बडोद्याच्याच स्कॉलरशिपवर कोलंबियाला गेले, आणि १९१७ ला नोकरीसाठी इथे परतले तेव्हा याच गावात त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. स्कॉलरशिप आमची तशी त्या काठ्याही आमच्याच, एक सांगायची आणि दुसरी दाबायची असं चालणार नाही. पुढे सगळ्या देशाची घटना त्याच माणसाने लिहिली.

तर पाहुण्यांनो, बडोद्याला आलात की लक्ष्मी विलास पॅलेस मागाहून बघू, आधी कमाटीबागेजवळच्या संकल्पभूमीवर चला, त्या अपमानानंतर बाबासाहेबांनी आपल्या समाजासाठी लढायचा संकल्प केला ती ही जागा, रस्ता मी दाखवते.