जुन्या सुपर ड्यूटीला नवे टो मिरर बसवताना

अमेरिकेत पिकअपच्या मागे प्रवासी ट्रेलर जोडून हिंडणाऱ्यांच्या गप्पांत इंजिनाच्या ताकदीचा विषय नेहमी निघतो, आरशांचा मात्र क्वचितच. वास्तविक हिशेब सोपा आहे. मोठ्या ट्रेलरची रुंदी १०२ इंचांपर्यंत असते, तर माझ्या २००२ सालच्या फोर्ड एफ-२५० सुपर ड्यूटी या पिकअपची रुंदी आरसे सोडून सुमारे ८० इंच आहे. म्हणजे ट्रेलर दोन्ही बाजूंना जवळजवळ ११ इंच बाहेर येतो आणि साध्या, आखूड आरशात शेजारच्या लेनऐवजी ट्रेलरची पुढची भिंतच दिसते. म्हणून टो मिरर, म्हणजे ट्रेलर ओढताना वापरायचे, बाहेर लांबवर येणारे आरसे लागतात.

सुपर ड्यूटीची पहिली पिढी १९९९ ते २००७ या मॉडेल-वर्षांची. २००८ मध्ये फोर्डने बटण दाबताच बाहेर सरकणारे आणि दुमडणारे मोठे आरसे आणले. गाडीचा चेहरामोहरा बदलला, तरी दारांची मूळ घडण पुढेही बरीचशी तीच राहिल्यामुळे हे नवे आरसे जुन्या दारांवर बसतात. दाराचे आतले पॅनेल काढून, जुन्या आरशाचे नट सोडवून नवा आरसा त्याच जागी कसणे हे यांत्रिक काम तसे थोडक्यात आटोपते. फक्त शेवटचा नट सोडवताना बाहेरून आरसा धरायला दुसरे माणूस हवे.

खरा कस लागतो तो वायरिंगमध्ये. जुन्या गाडीचा कनेक्टर नव्या आरशाला जुळत नाही, शिवाय काच तापवणे, इंडिकेटर, दाराजवळचा दिवा आणि बाहेर सरकण्याची मोटर या सोयींसाठी लागणाऱ्या सगळ्या वायरी जुन्या दारात नसतात. तयार जोडवायर मिळते, परंतु वायरींच्या रंगांवर विसंबून न राहता प्रत्येक वायर मल्टीमीटरने तपासूनच जोडावी, असे माझे ठाम मत आहे. सरकण्याच्या मोटरला विजेची दिशा उलटवणारे वेगळे बटण लागते. काच तापवणारी जाळी बरीच वीज घेत असल्याने तिला स्वतंत्र फ्यूज आणि रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) द्यावा.

इंडिकेटरची वायर कोठून घ्यावी, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. या गाडीत मागचा एकच लाल दिवा ब्रेक आणि वळण अशा दोन्ही खुणा दाखवतो. तेथून वायर घेतली तर ब्रेक दाबताच दोन्ही आरशांवरचे इंडिकेटर पेटतील आणि शेजारचा चालक गोंधळेल. म्हणून ती पुढच्या इंडिकेटरच्या वायरीवरूनच घ्यावी, आणि दार व केबिन यांच्यामधल्या रबरी नळीतून अशा बेताने ओढावी की दार पूर्ण उघडल्यावरही तिला ताण बसणार नाही. दार रोज उघडते आणि मिटते. वायर तुटते ती बहुधा याच वळणावर.

पुष्कळ जण हे आरसे केवळ गाडी रुबाबदार दिसावी म्हणून बसवतात. त्यांच्या हौसेला माझी हरकत नाही, परंतु या आरशांचे मोल त्यांच्या काचांत आहे, आणि त्या काचा ट्रेलर जोडून, सपाट जागी, गाडी व ट्रेलर सरळ रेषेत उभे करूनच योग्य कोनात लावाव्या लागतात. वरच्या सपाट काचेत आतल्या कडेला ट्रेलरची बाजू एखाद्या पट्टीएवढी दिसावी आणि उरलेली सगळी काच मागच्या रस्त्यासाठी मोकळी राहावी. खालच्या बहिर्गोल काचेत ट्रेलरची चाके आणि त्यांच्या लगतची लेन यायला हवी. या काचेत वाहने असतात त्याहून लहान आणि दूर भासतात. म्हणून लेन बदलताना शेजारी कोणी आहे का, हे खालच्या काचेत पाहावे, पण ते किती अंतरावर आहे याचा निर्णय नेहमी वरच्या काचेवरून घ्यावा.